शुक्रवारचा उपास आणि जेरुसलेमची वाट

1413 सालचा जून महिना, वार शुक्रवार, ऐन उन्हाचे दिवस. इंग्लंडमधल्या यॉर्क शहराकडून एक जोडपं पायी घरी परतत होतं. तिच्या हातात बिअरची बाटली होती, तर त्याने खायला घेतलेला केक अंगरख्याच्या आत छातीशी धरला होता. चालता चालता नवऱ्याने तिला एक अवघड प्रश्न टाकला. कुणी तलवार उपसून आला आणि ‘बायकोशी पूर्वीसारखा संग केला नाहीस तर मुंडकं उडवीन’ म्हणाला, तर तू काय म्हणशील? तिने मनात होतं ते सांगून टाकलं. संगापेक्षा आपल्याला नवऱ्याचं मरण पाहणं पत्करेल!

तिचं नाव मार्जरी केंप. वय चाळिशीचं आणि पदरी चौदा बाळंतपणं.

वाटेत शेतातल्या एका क्रुसाशी बसून ती रडली, प्रार्थना केली आणि मग दोघांनी सौदा ठरवला. तिने नवऱ्याचं कर्ज फेडायचं, शुक्रवारचा कडक उपास सोडून त्याच्यासोबत जेवायचं. त्याने तिच्या अंगाला हात लावायचा नाही आणि तिला जेरुसलेमला जाऊ द्यायचं. नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईने यात्रेला निघणं त्या काळी चालत नसे. पासपोर्ट आणि व्हिसा काय असेल ते या सौद्यातच होतं.

कर्ज फेडण्याची ऐपत तिच्यात होती, हे ध्यानात घ्यायला हवं. तिचे वडील जॉन ब्रनम नॉर्फक परगण्यातल्या लिन बंदराचे पाच वेळा महापौर झाले होते. तिने स्वतः तीन-चार वर्षं बिअर गाळण्याचा मोठा धंदा केला होता. तो बुडाला. घोड्यांवर चालणारी गिरणी काढली, तीही चालली नाही. मध्ययुगातल्या बायकांचा प्रवास अभ्यासताना भक्तीच्या आधी पैसा, परवानगी आणि सोबत या तीन गोष्टी तपासाव्या लागतात, आणि मार्जरीची कहाणी त्या तिन्हींचा हिशेब उघड करते.

पैकी सोबतीने तिला सर्वांत जास्त छळलं. ती मोठमोठ्याने रडायची, मांस खात नव्हती आणि जेवणाच्या पंगतीत देवाच्या गोष्टी काढायची. सहयात्रेकरू वैतागले. त्यांनी तिचा झगा गुडघ्याच्या जरा खालपर्यंत कापून टाकला आणि लोकांनी तिला वेडी समजावं म्हणून वर गोणपाटासारखं पांढरं कापड घालायला लावलं. वाटेत कॉन्स्टन्स शहरात ते तिला सोडून पुढे निघाले. मग इंग्लंडच्या डेव्हनमधला विल्यम वीव्हर नावाचा एक म्हातारा तिच्यासोबत चालला, आणि ही दोघं इटलीतल्या बोलोन्याला त्या टोळीच्या आधी पोचली! व्हेनिसमध्ये जहाजाची वाट पाहत तिने तेरा आठवडे काढले. पुढे गाढवावरून जाताना जेरुसलेम दिसलं तेव्हा हर्षाने ती खाली पडायचीच बाकी होती. दोन जर्मन यात्रेकरूंनी तिला सावरलं. त्यातल्या एका धर्मगुरूला वाटलं, बाईला बरं नाही. त्याने तिच्या तोंडात थोडे मसाल्याचे जिन्नस घातले.

ती पुढे रोमला गेली, 1417 साली स्पेनमधल्या सांतियागोला गेली, आणि साठीच्या सुमारास विधवा सुनेला पोचवायला बाल्टिक किनाऱ्यावरच्या डॅन्झिगला. परतीच्या वाटेवर ती गरीब यात्रेकरूंबरोबर होती. गावाबाहेर थांबून ते कपडे उतरवून उवा मारत. मार्जरीला सगळ्यांसमोर उघडं व्हायची लाज वाटे, त्यामुळे उवा तिलाही चावत राहिल्या. राजेरजवाड्यांच्या प्रवासवर्णनांत अशी ओळ सापडत नाही.

इतकं बारीक आपल्याला कळतं, कारण तिने ते सांगून लिहवून घेतलं. पहिला लेखनिक वारला आणि त्याचं अक्षर कुणाला लागेना. अखेर 1436 साली एका धर्मगुरूने सगळं पुन्हा लिहायला घेतलं. त्यात ती स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. ‘हा जीव’ अशा अर्थाचा शब्द वापरते. इंग्रजीतलं हे पहिलं आत्मचरित्र मानलं जातं.

मग ते नाहीसं झालं. 1501 च्या सुमारास विन्किन द वर्ड या लंडनच्या मुद्रकाने त्यातले निवडक उतारे जेमतेम सात-आठ पानांत छापले. प्रार्थना राहिल्या; प्रवास, भांडणं, उवा, नवऱ्याशी केलेला सौदा गेला. 1521 मध्ये हेन्री पेपवेलने ते पुन्हा छापताना मार्जरीची ओळख करून दिली ती एकांतवासिनी म्हणून, म्हणजे चर्चला लागून असलेल्या कोठडीत जन्मभर स्वतःला बंद करून घेणारी साध्वी! अर्ध्या युरोपाच्या वाटा तुडवलेल्या बाईला चारशे वर्षं जगाने भिंतीआड बसवून ठेवलं. तिच्यावर झालेला सर्वांत मोठा अन्याय हाच.

1934 साली इंग्लंडमधल्या कर्नल बटलर-बाउडन यांच्या जुन्या कॅथलिक घराण्याच्या घरी पाहुणे पिंगपाँग खेळत होते. चेंडू कुणाच्या तरी पायाखाली फुटला, दुसरा शोधायला कपाट उघडलं तर जुनी बाडं बाहेर आली, अशी हकिगत सांगतात. त्यातलं एक हस्तलिखित मार्जरीच्या पुस्तकाचं असल्याचं ओळखलं होप एमिली ॲलन या अमेरिकी संशोधक बाईंनी. त्या कुठल्याही विद्यापीठाच्या पगारी प्राध्यापक नव्हत्या. 1940 साली सॅनफर्ड मीच यांच्यासह संहिता छापून आली. ॲलनबाई दुसऱ्या खंडासाठी टिपणं काढत राहिल्या आणि 1960 साली, तो पुरा होण्याआधीच, गेल्या.

आज मध्ययुगातल्या स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासात मार्जरीला वगळणं कठीण. विद्यार्थी तिचं पुस्तक दुसऱ्या कागदांशी ताडून पाहतात. लिनच्या एका व्यापारी मंडळाच्या दप्तरात 1438 साली मार्जरी केंप नावाच्या सभासदाची नोंद आहे. गदान्स्क, म्हणजे जुन्या डॅन्झिगमधल्या दप्तरखान्यात सबॅस्टियन सोबेत्स्की यांना 1431 सालचं एक पत्र मिळालं. ते तिथे व्यापार करणाऱ्या तिच्या मुलाचं असावं असं ते दाखवून देतात. पुस्तकातला मुलगा असा दुसऱ्या कागदावरही येतो.

हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर पुढच्या कुणा वाचकाने काही ओळी खरडल्या होत्या. शाई इतकी उडालेली, की त्या लागत नव्हत्या. ब्रिटिश लायब्ररीत वेगवेगळ्या प्रकाशात त्या पानाचे फोटो घेतले गेले, आणि लॉरा कालस या संशोधक बाईंनी त्या वाचल्या. ती औषधी पाककृती निघाली. जिन्नस असे: साखर, बडीशेप, जायफळ, दालचिनी, आलं, ज्येष्ठमध. त्या काळी आलं-सुंठ भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, दालचिनी सिंहलद्वीपातून आणि जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून निघे. हा माल तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून व्हेनिसच्या धक्क्यावर उतरे, जिथे मार्जरी तेरा आठवडे जहाजाची वाट पाहत होती. खलात सगळं एकत्र कुटायचं, खाण्यापिण्यात घालायचं, असं त्या पुसट ओळींत लिहिलं आहे.