मणक्यातली चरबी
कणा आणि आपण : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण दोन मणक्यांमधली गादी पाहिली. आज मणक्याच्या आत डोकावू.

मटणाच्या रश्शातली नळी चोखणाऱ्यांना मज्जा ओळखीची असते: पिवळट, तुपकट. मणक्यातली मज्जा मात्र तांबडी असते, कारण तिथे आयुष्यभर रक्तपेशी तयार होतात. तरीही चरबी तिच्यातही असतेच. तरुणपणी साधारण पाव ते एक-तृतीयांश, आणि वय वाढेल तसा हा वाटा निम्म्याच्याही पुढे जातो. मानेपेक्षा कमरेच्या मणक्यांत तो जास्त असतो.

मज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून हाड घडवणारी पेशीही होते आणि चरबीची पेशीही. कोणती वाट धरायची, हे ठरवण्यात हाडावर पडणाऱ्या भाराचाही हात असतो. चालणं, चढणं, ओझं उचलणं यांमुळे तिचा कल हाडाकडे झुकतो. भार थांबला की चरबीकडे. २००५ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात २४ निरोगी स्त्रिया एका प्रयोगासाठी सलग ६० दिवस अंथरुणावर पडून राहिल्या. त्यांच्या कमरेच्या मणक्यांतली चरबी वाढली, आणि हिंडू-फिरू लागल्यावर वर्ष उलटलं तरी तिचा मागमूस होता.

मग भार जितका जास्त, तितकी चरबी कमी, असं सरळ गणित मांडावं का? इथेच एक कोडं आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट मायकेल मोडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की झिजलेल्या गादीला लागून असलेल्या मणक्याच्या कडेवर चरबीचा पट्टा दिसतो. तोही बहुधा कमरेच्या अगदी तळाशी, म्हणजे जिथे ताण सर्वाधिक तिथेच!

उलगडा भाराच्या वाटपात आहे. गादी भरलेली असते तेव्हा भार मणक्याच्या साऱ्या पृष्ठभागावर सारखा पसरतो. ती सुकली की तोच भार ठरावीक जागी टोचू लागतो. मणक्याच्या गादीलगतच्या पातळ थराला बारीक चिरा जातात, आतल्या मज्जेला सूज येते, आणि पुढे अनेकदा त्या जागी तांबडी मज्जा हटून चरबी बसते. पेलवणारा भार हाड घडवतो, बोचणारा भार त्याला जखमी करतो. त्यामुळे चरबी किती, याइतकंच ती कुठे साठली, हेही पाहावं लागतं. मणकाभर पसरलेली चरबी बहुधा वयाची असते, कडेला साठलेली बहुधा झीज सांगते.

एमआरआयच्या अहवालात ‘फॅटी चेंजेस’ किंवा ‘मोडिक टाइप टू’ (म्हणजे तोच कडेचा चरबीचा पट्टा) वाचून कितीतरी जण हादरतात, तूप सोडतात आणि अंथरूण धरतात. पण पाठ अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या मणक्यांतही हा बदल सापडतो, आणि पोटावरच्या चरबीशी त्याची गल्लत करू नये. अहवाल डॉक्टरांना नीट दाखवा; पण त्यांनी मनाई केली नसेल, तर चालणं सोडू नका. अंथरुणावरचे ६० दिवस मणक्याला किती महागात पडतात, ते तुलूझने दाखवून दिलंच आहे.

पुढच्या आठवड्यात : हा भार वाटून घेणारे पाठीचे स्नायू.