हॉवर्डचे भगिनी मंडळ

आपल्या बडोद्यातील मराठी घरांतून बऱ्याच मुली आता उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. त्यांच्या बोलण्यात 'सोरोरिटी' हा शब्द आला की घरातील वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतात. म्हणून अशाच एका जुन्या, नामांकित संघटनेची थोडी माहिती येथे देत आहोत.

लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. सोरोरिटी म्हणजे कॉलेजातील मुलींचे भगिनी मंडळ. त्याचे नाव बहुधा ग्रीक अक्षरांचे असते आणि त्याच्या शाखेला 'चॅप्टर' म्हणतात.

वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ १८६७ मध्ये, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपल्यावर दोनच वर्षांनी, स्थापन झाले. तेथे एथेल हेजमन या विद्यार्थिनीच्या पुढाकाराने नऊ मुलींनी १५ जानेवारी १९०८ रोजी 'अल्फा काप्पा अल्फा' सुरू केली. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्थापन केलेली ही ग्रीक अक्षरी नावाची पहिली सोरोरिटी. तिची पहिली शाखा हॉवर्डची, म्हणून ती 'अल्फा चॅप्टर'.

पाच वर्षांतच कसोटीची वेळ आली. नाव, रंग आणि चिन्हे बदलावीत, सार्वजनिक कामात अधिक उतरावे, असे बावीस जणींचे मत पडले. नुकतीच पदवीधर झालेली नेली क्वांडर हिला हा बदल मान्य नव्हता. त्या बावीस जणींनी १३ जानेवारी १९१३ रोजी 'डेल्टा सिग्मा थीटा' ही वेगळी संघटना काढली आणि ३ मार्चला वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या मिरवणुकीत भाग घेतला. इकडे नेली व तिच्या सहकाऱ्यांनी २९ जानेवारी रोजी मूळ संघटनेची कायदेशीर नोंदणी करून घेतली. संस्थेचे खाते उघडताना घटना आणि ठराव आधी पाहण्यात आम्हा बँकवाल्यांचे आयुष्य गेले. त्यामुळे या नोंदणीचे मोल आम्हाला विशेष वाटते. ठराविक मुलींवर अवलंबून असलेले मंडळ त्या दिवशी कायमची संस्था झाले. त्याच वर्षी शिकागोत दुसरी शाखाही निघाली.

फिकट गुलाबी आणि हिरवा हे संघटनेचे रंग, आयव्ही वेलीचे पान ही खूण. संस्थापिका वीस मानतात, म्हणून मोत्यांनाही मान आहे. १५ जानेवारीला स्थापना दिन साजरा होतो. आपल्याकडे तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवांची धांदल असते. टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावर चालणारे 'स्टेपिंग' हे तेथील मोठे आकर्षण.

मात्र ओळख केवळ रंगांची नाही. १९३५ ते १९४२ या काळात संघटनेने मिसिसिपी राज्यातील गरीब शेतमजुरांसाठी उन्हाळी आरोग्य मोहीम चालवली. मजुरांना दवाखान्यापर्यंत येणे कठीण, म्हणून सभासद भगिनी स्वतःच्या मोटारींतून मळ्यांवर जात आणि मुलांना देवी व घटसर्पाच्या लसी टोचत.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या मुलींना त्रास देण्याची, आपल्याकडील रॅगिंगसारखी, वाईट प्रथा अशा संघटनांत शिरली होती. ती रोखण्यासाठी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रमुख ग्रीक संघटनांनी १९९० मध्ये प्रवेशाची जुनी 'प्लेजिंग' पद्धत अधिकृतपणे बंद केली. तरीही मुलीने कोणत्याही सोरोरिटीत जाण्याआधी वर्गणी, नियम आणि विद्यापीठाची मान्यता यांची चौकशी जरूर करावी.

या संघटनेतील आम्हाला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे पदवी हाती आली तरी सभासदत्व संपत नाही. पदवीधरांच्या वेगळ्या शाखा गावोगाव आहेत. कमला हॅरिस १९८६ मध्ये हॉवर्डच्या शाखेत आल्या. २०२१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावरही त्या या भगिनींपैकीच एक होत्या.

आपल्या मंडळातील मुली मात्र लग्न किंवा नोकरीनिमित्त बाहेरगावी गेल्या की सभासद वहीतून त्यांची नावे कमी होतात. ती तशीच ठेवावीत, त्यांना पत्रे आणि निमंत्रणे जात राहावीत, एवढे आपल्यालाही करता येईल. येत्या वार्षिक सभेत या विषयाचा जरूर विचार व्हावा.