सकाळची उलटी नेहमी पित्ताचीच नसते

मूल सकाळी उठताच डोकं दुखतं म्हणतं, उलटी झाली की जरा हुशारतं. घरचे पित्त समजतात. हे आठवडेच्या आठवडे चाललं आणि चालताना तोलही जाऊ लागला, तर एमआरआय हवाच. कारण यामागे मेड्युलोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग असू शकतो. लहान मेंदूतली ही गाठ मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते, म्हणून डोक्यात दाब वाढतो. आधी शस्त्रक्रिया, मग मेंदू-मणक्याला रेडिएशन आणि केमोथेरपी. तीन वर्षांखालच्या मुलांना रेडिएशन शक्यतो टाळतात. वाढत्या मेंदूला ते फार महागात पडतं. तरीही मेड्युलोब्लास्टोमा झालेली बरीच मुलं बरी होतात.

प्रौढांतला ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग मात्र हट्टी. २००५च्या गाजलेल्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड मिळाली, तरी निम्मे रुग्ण १५ महिन्यांच्या आतच दगावले.

रेडिएशनचाच एक प्रकार असलेले, गाठीच्या आसपासच्या पेशी वाचवणारे प्रोटॉन उपचार खारघरच्या टाटा केंद्रात २०२३पासून मिळतात.