मनाच्या दुखण्यावरील जवळचा इलाज

घरांत कोणास ताप आला तर तें शेजारीं सांगावयास कोणी लाजत नाहीं. परंतु तेंच माणूस रात्र रात्र जागूं लागलें, जेवणावरून उठूं लागलें, कीं घराच्या दाराला आंतून कडी पडते. प्रथम अंगारे-धुपारे होतात. मग पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांची चौकशी होते, आणि खर्चाचा आंकडा ऐकून कुटुंब हात टेकतें. वस्तुतः इलाज याहून जवळ असतो.

बीड जिल्ह्यांतील घाटनांदूरचेंच उदाहरण घ्यावें. अंबाजोगाई तालुक्यांतील हें रेल्वे स्टेशनचें गांव. स्टेशन पाहून दूरचें शहर आठवतें. पण उपचाराची वाट तालुक्याच्या गांवींच जाते. अंबाजोगाईस १९७४ सालीं निघालेलें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या रुग्णालयांत मनाच्या आजारांवर अल्प खर्चांत उपचार होतात. बीडच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ज्यास घराबाहेर पडणेंच जड वाटतें, त्यास ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या या सेवेंत रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतही बोलतां येतें. परवडेल अशी मानसिक आरोग्यसेवा मिळणें हा तर २०१७ च्या कायद्यानें दिलेला हक्कच आहे.

मात्र औषधाचा गुण एका दिवसांत येत नाहीं. उदासीनतेवरील गोळ्यांस बहुधा दोन ते चार आठवडे लागतात; आणि बरें वाटूं लागतांच पुष्कळजण त्या आपण होऊन सोडतात. तेथेंच आजार उलटतो. अशा वेळीं सोबत लागते ती त्याच वाटेनें गेलेल्यांची. १९३५ सालीं अमेरिकेंत दोन मद्यपी परस्परांस सांवरूं लागले, त्यांतून व्यसनमुक्तांची जगभर पसरलेली संघटना उभी राहिली. पुण्यास डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननें रुग्णांचे व नातलगांचे स्वमदत गट चालविले. अशा गटास इमारत लागत नाहीं. चार कुटुंबें, ठरलेला वार आणि ऐकलेलें बाहेर न नेण्याचा नियम एवढें पुरतें. फक्त औषधाचा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा.

एक गोष्ट मात्र उद्यांवर टाकूं नये. ‘मी नसतों तर बरें झालें असतें’ असे उद्गार निघाले, तर त्या माणसास एकटें ठेवूं नये, शेतीचें विषारी औषध कुलुपांत घालावें आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

शहरांत राहणाऱ्या पुष्कळांचें एखादें घर अशा गांवीं असतें. तेथून पत्र येवो वा फोन, उपदेश न करतां एस. टी. चें भाडें पाठवावें, आणि शक्य तर स्वतः जाऊन बरोबर दवाखान्याच्या बांकावर बसावें. पुष्कळ आजाऱ्यांचें पाऊल खर्चापेक्षां एकटेपणानेंच अडलेलें असतें.