फलटणची न पिण्याची दारू

ज्वारीचं धाट कधी उसासारखं दातांनी सोलून चघळलंय? कडब्याच्या धाटातून चोथाच हाती लागतो. ‘मधुरा’ ही गोड ज्वारी मात्र रसाळ. आधी जिभेवर गोडी येते, मागाहून हिरव्या वैरणीचा किंचित वास. या रसाची दारू गाळणारं एक घर फलटणला होतं. ती पिण्यासाठी नव्हती, एवढंच.

वाइनवाल्या घराण्यात मुलांकडे द्राक्षमळा जातो. निंबकरांकडे प्रयोगांची खोड गेली. बनबिहारी निंबकरांची आई मूळची एलिझाबेथ लंडी, अमेरिकन क्वेकर. लग्नानंतर कमला झाली आणि तिने मुंबईत व्यवसायोपचार शिकवणारी शाळा सुरू केली. बनबिहारींची पत्नी जाई लेखिका, इरावती कर्वे यांची मुलगी. बनबिहारींनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. सगळे तिला ‘नारी’ म्हणतात. मुलगी नंदिनी पिकांच्या संशोधनात, तर चंदा मेंढ्यांत रमली.

नंदिनींचे पती अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिकेतून इथे आले. गोड ज्वारीचं गणित साधं होतं. कणसातून भाकरी, धाटातून रस, उरलेल्या चिपाडातून वैरण; आणि तेही चारेक महिन्यांत, उसाच्या मानाने थोड्या पाण्यावर. रस आंबवायचा आणि उन्हाने तापलेल्या पाण्याच्या उष्णतेवर गाळायचा. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, म्हणून लाकूड-कोळशाविना भागेल असा हिशोब. पुढे त्यांनी निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारी शेगडी केली. पाणी पूर्ण काढण्याचा खर्च वाचतो, शिवाय भडक्याची भीतीही कमी.

पण निम्मं पाणी, निम्मं अल्कोहोल म्हणजे जवळपास हातभट्टीच की! १९४९चा दारूबंदी कायदा आधी द्रव बघतो, हेतू नंतर. एखाद्या बाईने चहाला आधण ठेवण्यासाठी लिटरभर असला द्रव घरी आणायचा, तर तो विकणार कोण आणि कुठल्या परवान्यावर? मला तरी शेगडीपेक्षा हा प्रश्नच अवघड वाटतो.

बनबिहारी २०२१ मध्ये गेले. आता देशभर पेट्रोलमध्ये हेच अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, मिसळलं जातं. साखर कारखाने ते मळीपासून, उसाच्या रसापासून काढतात. फलटणच्या कालव्याखालच्या पट्ट्यात वर्ष-दीड वर्ष ऊस उभा असतो, आणि कालवा न पोचलेल्या रानात ज्वारी.