आवाज येतो केव्हा?

पिकअप गॅरेजच्या दारात लागते आणि मालक आधी तोंडाने आवाज काढून दाखवतो. कुणाचा ‘घूंऽऽ’, कुणाचा ‘चूं-चूं’, कुणाचा नुसता ‘खट’. पाठोपाठ निदानही तोच सांगतो, ‘मागच्या हाउसिंगमधनं येतोय.’ यातली पहिली माहिती लाखमोलाची, दुसरी बहुतेकदा बिनकामाची. गिअरबॉक्सपासून स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत सगळं लोखंडी चासीला बांधलेलं असतं. आवाज त्या लोखंडातून पसरतो आणि केबिनच्या पत्र्यात घुमतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टच्या मधल्या बेअरिंगची कुरकुर ड्रायव्हरला सीटखाली ऐकू येते आणि बिचारा धडधाकट गिअरबॉक्स खाली उतरवला जातो. म्हणून आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे आधी विचारावं.

सुरुवात उभ्या गाडीपासून. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. उलट, क्लच दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर; कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. पान्याला हात न लावता अर्धी यंत्रणा वेगळी काढता येते, ती अशी.

मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रल करावी. (चावी बंद करायची नाही आणि हे उतारावर करायचं नाही.) इंजिन मंदावताच आवाजही पडला तर दोष पुढच्या भागात शोधावा. आवाज गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला तर तो शाफ्ट, हाउसिंग किंवा चाकांचा.

या तिघांना वेगळं करायला थोडा हिशेब कामी येतो. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर जाते. टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला तर चाक सेकंदाला सात-साडेसात फेरे घेतं. हाउसिंगमधल्या क्राउनला 41 आणि पिनियनला 10 दात आहेत असं समजू. म्हणजे शाफ्टचे फेरे तीसच्या घरात. आणि दातावर दात येतो तो सेकंदाला तीनशेच्या वर वेळा. चाकाचा ठोका जवळजवळ मोजता येतो. शाफ्टचा दोष थरथर म्हणून पायाला आणि सीटला लागतो. दातांचा आवाज मात्र सूर होतो, गुणगुणता येईल असा. मालकाने तोंडाने काढलेल्या आवाजाची किंमत इथे कळते.

हाउसिंगची परीक्षा घ्यायला घाटासारखी जागा नाही. पिंपळगावहून टोमॅटोचे क्रेट भरून मुंबईला जाऊन येणाऱ्या गाडीला कसारा घाट ती फुकटात करून देतो. चढावर इंजिन दातांच्या एका बाजूवर जोर देतं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की चाकंच इंजिनाला ढकलतात आणि जोर दातांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. सूर फक्त ओढताना लागत असेल तर क्राउन-पिनियनचे दात नीट बसलेले आहेत का ते पाहावं. फक्त सोडताना लागत असेल तर पिनियनचं बेअरिंग सैल झालेलं असू शकतं. ओढा-सोडा, फरकच नाही आणि सुरापेक्षा घरघरच जास्त, तर चाकाचं बेअरिंग धरावं. वळणावर वजन ज्या बाजूच्या चाकावर येतं ते बहुधा जास्त ओरडतं. त्याआधी टायरवर हात फिरवावा. उंचसखल झिजलेला टायर बेअरिंगची हुबेहूब नक्कल करतो. फरक एवढाच की डांबरावरून काँक्रीटवर गेलं की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही.

माझ्या मते पिकअपवाल्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं ते शाफ्टच्या जोडातल्या क्रॉसकडे (युनिव्हर्सल जॉइंट), आणि नेमकं तिथेच ते सर्वांत कमी देतात. कमी वेगात ‘चूं-चूं’, वेगाबरोबर वाढणारी, म्हणजे क्रॉसच्या कपात ग्रीस उरलेलं नाही. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली की निदान पक्कं. पाण्यातून गाडी गेली की ही चूं-चूं काही वेळ थांबते आणि मालकाला वाटतं, गेलं दुखणं! गाडी हलताना किंवा रिव्हर्स टाकल्यावर ‘खट’ होत असेल तर क्रॉसमध्ये प्ले आला आहे. अशी गाडी पुढच्या फेरीला पाठवू नये. शाफ्टचं पुढचं टोक धावत्या गाडीत सुटलं तर ते रस्त्यात रुतू शकतं.

याच जोडाचा एक जुना स्वभाव आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने या जोडावर काम केलं. हुकचं नाव या जोडाला अजून चिकटलेलं आहे. कोनात फिरणारा एकटा क्रॉस वेग सारखा ठेवत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त करतो. दुसरा क्रॉस ती चूक खोडून काढतो, पण दोन्हीकडचे कोन जुळले तरच. आपल्याकडे जास्त माल भरता यावा म्हणून मागे एखादा पाटा वाढवतात. रिकाम्या गाडीची मागची बाजू मग उंच राहते, कोन वाढतात आणि दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये ते एकमेकांशी जुळेनासे होतात. रिकामी गाडी थरथरते आणि माल भरला की गप्प बसते, अशी तक्रार आली तर नवं बेअरिंग मागवण्याआधी पाटे मोजावेत.

आणि क्रॉस बदलल्यावरच थरथर सुरू झाली असेल तर शाफ्टची दोन टोकं उघडण्याआधी खूण केली होती का, ते मिस्त्रींना विचारावं. सरकत्या जोडात शाफ्ट एक-दोन दात पुढेमागे बसला तरी दोन क्रॉसची जुळणी बिघडते. यात सुटा भाग कुठलाच लागत नाही. शाफ्ट खोलून जागेवर बसवला की झालं.