फोर्डसाहेबांचे घोडे

नव्या वस्तूच्या घडणीत ग्राहकांना आणि कामगारांना आरंभापासून सहभागी करून घ्यावे, अशी सूचना एखाद्या मोठ्या कंपनीच्या बैठकीत कोणी भीतभीत मांडली, की मेजाच्या वरच्या टोकाकडून एक वाक्य हमखास येते : लोकांना विचारले असते तर त्यांनी अधिक वेगवान घोडेच मागितले असते, असे हेन्री फोर्ड सांगून गेले आहेत. मंडळी हसतात आणि सहनिर्मितीची तजवीज तेथेच दप्तरदाखल होते. हे वाक्य मी इतक्या गंभीर मुखांतून ऐकले आहे की, त्याचा एकदा समाचार घेणे आता प्राप्तच आहे.

फोर्ड असे बोलल्याचा विश्वसनीय दाखला उपलब्ध नाही. ते निवर्तले १९४७ साली. हे वाक्य त्यांच्या नावावर छापलेले दिसू लागते ते विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. १९२२ च्या त्यांच्या आत्मकथनात एक वाक्य मात्र खरोखरच आहे : गाडी काळी असेल तर ग्राहकाने हवा तो रंग घ्यावा! ते वाक्य आणि त्याचा परिणाम एकत्र वाचावा. १९०८ साली बाजारात आलेल्या 'मॉडेल टी'ने १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील अर्ध्याहून अधिक बाजारपेठ व्यापली होती. परंतु बंदिस्त टपाच्या गाड्या, निरनिराळे रंग आणि हप्त्यांची सोय घेऊन आल्फ्रेड स्लोन यांची जनरल मोटर्स पुढे सरकत असता फोर्डसाहेब आपल्या एका नमुन्यालाच चिकटून राहिले, आणि १९२७ च्या मे महिन्यात त्यांना त्याचे उत्पादन बंद करावे लागले. नवी गाडी लोकांना दिसली डिसेंबरात. न विचारण्याच्या धोरणाचा हा पुरावा म्हणायचा, तर तो वादीच्याच विरुद्ध जातो.

आणि लोक काय घोडे मागत बसले होते? त्याच गाडीचे मागचे चाक उचलून, त्याला पट्टा जोडून अमेरिकन शेतकरी लाकडे कापीत होता, दळण दळीत होता, कपडे धुण्याचे यंत्र फिरवीत होता. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ च्या निबंधात याचा साधार वृत्तांत दिला आहे. शेतकऱ्याने मागणी नोंदवली नव्हती. त्याने वस्तूच पालटली होती. सहनिर्मिती म्हणजे इच्छांची यादी मागवणे, हा मूळ गैरसमज येथे उघडा पडतो.

एमआयटीचे एरिक फॉन हिपेल १९८६ पासून हेच सांगत आले : ज्याची गरज इतरांच्या आधी आणि अधिक तीव्र असते, त्याने आपल्यापुरता तोडगा बहुधा केलेलाच असतो, त्याला शोधा. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्ग रोखण्याचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा तिची माणसे भारतासह अनेक देशांतील शल्यचिकित्सकांकडे, पशुवैद्यांकडे, इतकेच नव्हे तर हॉलिवुडच्या रंगभूषाकारांकडेही गेली. पशुवैद्याचा रोगी केसाळ आणि न धुतलेला, तरी त्याला जखम चिघळू न देण्याची विद्या साधलेली. आणि त्वचेला इजा न करता पदार्थ चिकटवावा व काढावा कसा, हे रंगभूषाकाराइतके कोणास ठाऊक? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मार्गाने आलेल्या कल्पनांची पाचव्या वर्षीची वार्षिक विक्री सरासरी १४.६ कोटी डॉलर, तर त्याच कंपनीतील रूढ पद्धतीच्या कल्पनांची १.८ कोटी डॉलर धरली होती. हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्यक्ष विक्रीचे नव्हेत, हेही येथेच नमूद करतो. नाहीतर उद्या यांचाही फोर्ड व्हायचा.

किरकोळ फिर्यादी थोडक्यात निकाली काढता येतात. सहनिर्मिती ही इंटरनेटची टूम नव्हे. नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर १९७० च्या दशकातच कारखान्यात येऊ घातलेल्या संगणकांचा विचार आरंभला होता. रचनाकाराची गरज संपते म्हणावे, तर पशुवैद्याची युक्ती माणसाच्या शस्त्रक्रियागृहात आणण्याचे काम कोणी करायचे? सारे बहुमताने ठरते हेही खोटे : डेन्मार्कच्या लेगो कंपनीकडे एखाद्या शौकिनाच्या नमुन्याला दहा हजार समर्थक मिळाले, तर तो केवळ परीक्षणास पात्र ठरतो आणि तेथे बहुतेक नमुने नाकारले जातात. जो स्वीकारला जातो, त्याच्या कर्त्याला निव्वळ विक्रीवर एक टक्का मोबदला मिळतो. कल्पना फुकट पदरात पाडून घेण्याची ही क्लृप्ती आहे, असे म्हणणाऱ्यांनी तो करार वाचावा. एक टक्का पुरेसा आहे काय, हा वाद मात्र मी खुशाल मान्य करीन.